एकच निर्मिक आणि बुद्धाचा धम्म

अभ्यासवर्गात विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. महात्मा फुले एका निर्मिकाला मानत. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांनाही गुरू मानले. मग आपल्या धम्मात ईश्वराला स्थान का नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

तेहतीस कोटींच्या जागी एक, एवढाच एकेश्वरवादाचा अर्थ नव्हे. जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र व समान निर्माण केले, हे त्याचे सार. बाप एक, तर लेकरे सारखी. आणि बापाकडे जायला मध्यस्थ कशाला? म्हणूनच सत्यशोधकांची लग्ने भटजीवाचून लागू लागली. एकाच घरात कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान, कोणी सत्यधर्मी असावे आणि सर्वांनी प्रेमाने नांदावे, असेही त्यांनी लिहिले. हा विचार आपल्या भागात रुजला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी बिनखर्चाच्या लग्नांचा प्रसार केला. दोघेही सत्यशोधक परंपरेतलेच.

मग बाबासाहेब पुढे का गेले? त्यांचे वडील रामजी कबीरपंथी होते. एका निर्गुण ईश्वराची भक्ती घरातच होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तेथे त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. गावात न्हावी पुष्कळ होते, पण त्यांचे केस थोरली बहीण कापी. देव एकच आहे असे सांगणारे तेव्हाही कमी नव्हते. परंतु ओठांवरच्या देवाने वस्तरा हलला नाही.

तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्रह्माकडे जाणाऱ्या मार्गावरून वाद घालतात. तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्मा पाहिला आहे काय, असे भगवान विचारतात. उत्तर नकारार्थी येते. मग ते अचिरवती नदीचा दृष्टांत देतात. दुथडी भरलेल्या नदीच्या काठी उभे राहून पैलतीराला ‘इकडे ये’ म्हणून हाक मारली, तर तो येईल काय? २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचे उत्तर सांगायला नको. तेथे हाक नव्हे, नाव लागते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही ती नाव.

आमच्या मते येथे विरोध नाही. जोतीरावांनी एका निर्मिकातून समता सिद्ध केली. बुद्धाने समतेचा पाया माणसाच्या आचरणात घातला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला हाच मार्ग दिला.

पण सावध राहिले पाहिजे. बुद्धमूर्तीपुढे परीक्षेतल्या यशासाठी नवस बोलला, तर देव बदलला, मागणे तेच राहिले. वंदन म्हणजे मागणे नव्हे. ते शीलाचे स्मरण होय.

विद्यार्थ्यांनी विचार करावा:
१) समतेसाठी निर्मात्याची आवश्यकता आहे काय?
२) आपल्या घरातील कोणती प्रथा अजून पैलतीराला हाक मारते?


जय भीम!