मुलाच्या डोळ्यातील भिंग सरकले असेल तर

डोळ्यातील भिंग अतिशय बारीक तंतूंनी जागच्या जागी धरलेले असते. आनुवंशिक दोषामुळे हे तंतू सैल पडले की भिंग सरकते. याला ‘एक्टोपिया लेंटिस’ म्हणतात. यामागे बऱ्याचदा मार्फन सिंड्रोम असतो आणि त्याची झळ हृदयालाही पोहोचते. म्हणून अमेरिकेतील मराठी पालकांनी केवळ चष्म्यावर न थांबता पुढील क्रमाने जावे.

१. नेत्रतपासणी : चष्म्याचा नंबर झपाट्याने बदलत असेल, तर आपल्या पेडिएट्रिशियनकडून बालनेत्रतज्ज्ञांचे रेफरल घ्यावे. बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर केलेली तपासणी आवश्यक आहे.

२. हृदय : मूल ठणठणीत दिसले तरी इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. मार्फनमध्ये महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगत जाते. कोणते खेळ चालतील, हेही हृदयतज्ज्ञांना विचारावे.

३. रक्त : होमोसिस्टीनची पातळी तपासावी. होमोसिस्टिन्युरिया या विकारातही भिंग सरकते. त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असल्याने ही चाचणी भूल देण्यापूर्वीच व्हावी. नवजात चाचणीत दोष आढळला नव्हता, म्हणून ती टाळू नये.

४. जनुकीय सल्ला : भेटीपूर्वी तीन पिढ्यांची माहिती लिहून काढावी : भिंगाचे विकार, असाधारण उंची, अकाली हृदयमृत्यू. आते-मामे भावंडांत लग्न झाले असल्यास तेही सांगावे. मार्फनग्रस्त पालकाच्या प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची ५० टक्के शक्यता असते. मात्र सुमारे चतुर्थांश रुग्णांच्या कुटुंबात पूर्वी कोणालाच हा विकार नसतो.

५. विमा : जनुकीय चाचणीपूर्वी विमा कंपनीची मंजुरी घ्यावी. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणाऱ्या २००८ च्या ‘जिना’ कायद्याचे संरक्षण आरोग्यविमा आणि नोकरीला आहे, आयुर्विम्याला नाही. याविषयी समुपदेशकांशी आधीच बोलावे.

६. नजर आणि शाळा : लहान वयात धूसर दिसत राहिल्यास मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणून चष्मा, पट्टी किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. तीन वर्षांखालील मुलांसाठी राज्याच्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ सेवेकडे मदत मागावी, तर पुढे शाळेकडे सवलतींच्या ‘५०४ प्लॅन’ची किंवा ‘आयईपी’ या वैयक्तिक शिक्षण योजनेची लेखी मागणी करावी.

७. तातडी : डोळा अचानक दुखून लाल झाला, प्रकाशाचे झोत किंवा पडदा दिसू लागला, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जावे. छातीत किंवा पाठीत तीव्र कळ आल्यास ९११ ला फोन करून मार्फनचा उल्लेख करावा.

८. नातेवाईक : निदान पक्के होताच अहवालाची प्रत आपल्या भारतातील भावंडांना पाठवावी. त्यांनीही डोळे आणि हृदय, दोन्ही तपासून घ्यावे.