टेलिफोनची मक्तेदारी ते स्पर्धा : व्यापाऱ्याने घ्यावयाचा धडा

मीरा रोड स्टेशनच्या परिसरात किंवा भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत ज्यांनी १९९०च्या दशकात धंदा सुरू केला, त्यांना पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-आय.एस.डी.-पी.सी.ओ. बूथ चांगले आठवत असतील. रात्री ११ वाजले की एस.टी.डी.चे दर चौथाईवर येत, म्हणून सुरत किंवा मुरादाबादला बोलू इच्छिणारे लोक जेवण आटोपून रांगेत उभे राहत. नजर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नसे, मीटरच्या लाल आकड्यांकडे असे. आज तोच व्यापारी मालाचा फोटो पाठवून मिनिटात भाव ठरवतो. हा बदल कसा झाला, त्यात कोणाचे काय गेले आणि आपल्या हाती काय आले, हे या लेखात आम्ही वाचक बांधवांपुढे मांडत आहोत.

एकच दुकानदार

१८८५च्या भारतीय तार कायद्याने तार आणि पुढे टेलिफोन चालवण्याचा हक्क फक्त सरकारकडे ठेवला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके या बाजारात एकच दुकानदार होता. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम आणि परदेशी कॉलसाठी विदेश संचार निगम अशा दोन सरकारी कंपन्या निघाल्या, पण मक्तेदारी तशीच राहिली. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असूनही टेलिफोनच्या नकाशावर मुंबईत, म्हणजे ०२२ मध्ये आले. खाडीच्या पलीकडे वसईचा कोड मात्र ०२५०. धंद्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. मुंबईचा ग्राहक भाईंदरच्या कारखानदाराला स्थानिक कॉलच्या दरात फोन करू शके, खाडीपलीकडच्याला नाही.

मक्तेदारीत वाईट हेतू असतोच असे नाही. पण ज्याच्याशिवाय दुसरा दुकानदार नाही, त्याला घाई नसते. नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे थांबे. जादा रक्कम आगाऊ भरून आधी फोन मिळवण्यासाठी 'ओन युवर टेलिफोन' ही वेगळी योजना होती. यावरूनच टंचाई किती होती ते कळते.

दोघे आले, पण भाव उतरला नाही

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांना देशातील पहिला मोबाईल कॉल केला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल मोबाईल आणि मॅक्सटच या दोन कंपन्यांची सेवा सुरू झाली.

येथे पहिला धडा आहे. दोन कंपन्या आल्या तरी कॉलचा दर मिनिटाला सुमारे १६ रुपयांपर्यंत जाई, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे लागत. मोबाईल वाजला की लोक नंबर पाहून तो बंद करीत आणि बूथवरून उलट फोन लावीत. बाजारात दोनच आडते असतील तर एकमेकांचा भाव पाडण्यापेक्षा तो टिकवण्यात दोघांचेही हित असते, हे कोणत्याही मंडईतील माणसाला सांगायला नको. मुंबईत २००१ मध्ये महानगर टेलिफोन निगमची 'डॉल्फिन' सेवा आणि २००२ मध्ये एअरटेल आली, म्हणजे तिसरा आणि चौथा दुकानदार आला. मग चित्र पालटले. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर कोठेही मिनिटाला १ रुपया असा दर काढला.

दुसरा धडा परवान्याचा. सुरुवातीला अनेक कंपन्यांनी मोठमोठ्या ठरावीक रकमांची बोली लावून परवाने घेतले. ग्राहक अंदाजाइतके आले नाहीत आणि हप्ते थकले. १९९९च्या नव्या धोरणाने ठरावीक रकमेऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. आपल्या भाषेत सांगायचे तर भरमसाठ भाड्याचा गाळा सोडून गल्ल्यातील भागीवर धंदा सुरू झाला. धंदा वाढला तर दोघांचा वाढेल, घटला तर दोघे सोसतील. यानंतरच या व्यवसायाने खरी उभारी घेतली.

पंच कशासाठी?

'स्पर्धा आहे, तर सरकारी नियंत्रण कशाला?' असे काही व्यापारी मित्र आम्हाला विचारतात. याचे उत्तर टेलिफोनच्या स्वभावात आहे. कापडाच्या नव्या दुकानदाराला जुन्या दुकानदाराची परवानगी लागत नाही. पण नव्या टेलिफोन कंपनीच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलायचे असते. जुन्या कंपनीने जोडणी दिली नाही, कमी दिली किंवा महाग दिली, तर नव्याचा फोन म्हणजे खेळणे. म्हणून जोडणीच्या अटी ठरवणारा तिसरा माणूस हवा.

शिवाय दूरसंचार विभाग स्वतःच परवाना देणारा, स्वतःच नियम करणारा आणि स्वतःच सेवा विकणारा होता. वजन-मापे तपासणारा इन्स्पेक्टरच शेजारी दुकान मांडून बसावा, असा हा प्रकार. म्हणून संसदेच्या कायद्याने १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', स्थापन झाले. खेळ आधी सुरू झाला आणि पंच दोन वर्षांनी आला. ट्रायचे अधिकार किती यावरून सरकारशी वाद झाले. अखेर २००० मध्ये कायदा दुरुस्त करून तंट्यांचा निवाडा 'टीडीसॅट' या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिला गेला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सरकारने आपला सेवा-व्यवसाय भारत संचार निगमकडे सोपवला. १ एप्रिल २००२ पासून परदेशी कॉलवरील विदेश संचार निगमची मक्तेदारीही संपली. कुवेत, दुबई, सौदीला माणसे पाठवणाऱ्या घरांना त्याचा फायदा वेगळा सांगायला नको.

जोडणीचा प्रश्न पुढेही संपला नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यावर पुरेशी जोडणी दिली नाही म्हणून ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना एकूण ३०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली.

'लूप'चा धडा

स्पर्धेत जिंकणारे असतात, तसे हरणारेही असतात. मुंबईतील पहिल्या दोन मोबाईल कंपन्यांपैकी बीपीएल पुढे 'लूप मोबाईल' झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या परवान्याची मुदत संपली. एअरटेलला विकण्याचा करारही फिसकटला, आणि मुंबई परिसरातील लाखो ग्राहकांना आपला नंबर वाचवण्यासाठी धावपळ करावी लागली. तो वाचला याचे कारण एकच. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क लागू झाला होता. नियामकाने ग्राहकाला दिलेला हा बहुधा सर्वांत मोठा हक्क होय.

हरणाऱ्यांत लहान माणसेही होती. एस.टी.डी. बूथवर अनेक अपंग बांधवांचे आणि गरीब कुटुंबांचे घर चालत होते. दर उतरले तसे ते बूथ बंद पडले. ज्यांनी वेळीच झेरॉक्स, रिचार्ज किंवा मोबाईल दुरुस्तीचे काम धरले ते तरले. खुद्द महानगर टेलिफोन निगमच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी २०१९च्या योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतली. ज्याच्या दारात रांग लागते, त्याने ती कायमची समजू नये.

आता दुकानदार पुन्हा कमी झाले आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. स्पर्धा एकदा आली म्हणजे ती कायम राहते असे नाही. ती राखावी लागते.

आपण काय करावे?

आमच्या ओळखीच्या एका जरी-कारागिरांचा बारा वर्षांचा नंबर एके दिवशी बंद झाला. सिम एका विक्रेत्याने दुसऱ्याच माणसाच्या नावावर काढून दिले होते. नंबर परत मिळाला नाही आणि त्या नंबरावर येणारी गिऱ्हाइके निघून गेली. दुकानाची पाटी कोणी चोरली तर आपण पोलिसात जाऊ, पण धंद्याचा नंबर हीच आज आपली पाटी आहे याकडे आपले लक्ष नसते. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकाने कराव्यात.

१) धंद्याचा नंबर स्वतःच्या किंवा पेढीच्या नावावर असल्याची खात्री करावी. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' या सेवेवर पाहता येते. अनोळखी नंबर दिसल्यास तेथेच कळवावे.

२) सेवा पटत नसेल तर 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत, जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवावा. मिळालेला कोड नव्या कंपनीला द्यावा. पोस्टपेडचे जुने बिल आधी चुकते करावे. तो कोड आणि कोणताही ओ.टी.पी. फोनवर अनोळखी माणसाला सांगू नये.

३) तक्रार तोंडी करू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे, त्यास फी नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. मात्र ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

४) ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि संदेश यांचे पॅक ठेवण्याचा आदेश ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. साध्या फोनवाल्या बुजुर्गांनी दुकानदाराकडे ते नाव घेऊन मागावेत.

मक्तेदारी गेल्याने भाव उतरला हे खरे, पण भाव उतरला तो ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाता आले म्हणून. ही मोकळीक वापरणारे ग्राहक नसतील तर कायदा कागदावर राहतो. आजच संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी प्रत्येकाने आपला नंबर कोणाच्या नावावर आहे एवढे तरी तपासावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.