आधी सिक्स-जी, मग समुद्र

निकाल लागले की करिअर समुपदेशकांकडे हल्ली एक ठरलेला प्रश्न येतो : ‘अंडरवॉटर वेल्डिंगला ॲडमिशन कुठे मिळेल?’ मुलाने रील पाहिलेली असते. पाण्यात ठिणग्या आणि खाली पगाराचा आकडा. वडिलांनी तो आकडा बाराने गुणलेला असतो, फीसाठी कर्ज काढायचीही तयारी असते. मुलाला पोहता येतं का, हे मात्र घरात कुणी विचारलेलं नसतं.

हे काम कुठे चालतं? मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं समुद्रातलं तेलक्षेत्र, मुंबई हाय घ्या. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि पुढे समुद्रतळावर पाइपलाइनचं जाळं पसरलं. खोली साधारण ७५ मीटर, म्हणजे तळाशी दाब पृष्ठभागाच्या सुमारे साडेआठपट. साध्या हवेवर व्यावसायिक पाणबुडे सहसा ५० मीटरपर्यंतच उतरतात. त्याखाली हीलियम-ऑक्सिजनच्या मिश्रणावर काम चालतं, आणि जहाजावरच्या दाबाच्या चेंबरमध्ये आठवडेच्या आठवडे राहावं लागतं. दाब उतरवून बाहेर यायलाच काही दिवस जातात. १९८३ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात ‘बायफोर्ड डॉल्फिन’ रिगवर चेंबरचं दार बंद होण्याआधीच त्याला जोडलेल्या, पाणबुड्यांना खाली नेणाऱ्या डायव्हिंग बेलचा क्लॅम्प सुटला. पाच जण जागीच गेले.

बरं, वेल्डिंग तरी किती असतं? उघड्या पाण्यात सांधा झपाट्याने थंड होऊन ठिसूळ बनतो, हायड्रोजन शिरून तडे जातात. म्हणून पाइपलाइनच्या महत्त्वाच्या सांध्याभोवती पेटी बसवून, पाणी बाहेर ढकलून आत कोरडं वेल्डिंग करतात; नाहीतर सरळ क्लॅम्प आवळतात. एरवी पाणबुड्याच्या वाट्याला तपासणी, शिंपले खरवडणं, बोल्ट कसणं, लोखंड कापणं हीच कामं जास्त.

धोकाही ठिणगीतच असतो असं नाही. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्रिनिदादमध्ये ३० इंची तेलवाहिनीच्या दुरुस्तीवर असलेले पाच पाणबुडे दाबातल्या फरकामुळे पाइपात खेचले गेले. एकच जिवंत बाहेर आला.

मग वेल्डिंग सोडायचं? मुळीच नाही. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड घ्या आणि हात सिक्स-जीपर्यंत न्या. या परीक्षेत पाइप ४५ अंशांत पक्का केलेला असतो. तो फिरत नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं. ज्याला हे साधलं त्याला रिफायनरी, वीजप्रकल्प, जहाजबांधणी, सगळीकडे मागणी. तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म माझगाव डॉकनेही बांधलेत, कोरड्या जमिनीवर. डिप्लोमावाल्यांना अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफीने सांधे तपासण्याची वाट आहे. तिरुचिरापल्लीत भेलची वेल्डिंग संशोधन संस्था असं प्रशिक्षण देते. याची रील कुणी बनवत नाही, म्हणून पालकांना ही कामं हलकी वाटतात.

पालकांना एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. सर्दीने कान चोंदलेला पाणबुडा पाण्यात उतरला तर पडदा फाटू शकतो. घरी कर्जाचे हप्ते थकलेत हे माहीत असलेला मुलगा सुपरवायझरला ‘आज नको’ म्हणेल का? हा दबाव समुद्राचा नाही, घरचा आहे.

तरीही मुलगा ठामच असेल, तर आधी डॉक्टरकडून कान आणि फुप्फुसं तपासून घ्या. पर्यटकांच्या स्कुबा सर्टिफिकेटवर हे काम मिळत नाही. व्यावसायिक डायव्हिंगचं जे सर्टिफिकेट संस्था देणार आहे, ते इंटरनॅशनल मरीन काँट्रॅक्टर्स असोसिएशनला मान्य आहे का, हे लेखी मागा. उत्तर टाळलं, तर पैसे भरू नका.