वासराचे कोठीपोट घडवताना

नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या चार पोटांत चौथे पोट सर्वांत मोठे असते. कोठीपोट, म्हणजे रुमेन, जेमतेम पाव हिस्सा. गाय झाल्यावर तेच 80 टक्के जागा व्यापते. नुसत्या दुधावर मात्र ते वाढत नाही.

पहिला चीक. 30 किलोच्या संकरित वासराला दोन तासांच्या आत तीन लिटर पाजा. वार पडायची वाट पाहू नका; त्यात वासराचाच घात होतो. खरवस नंतर, उरलेल्या चिकाचा.

पुढे दिवसाला चार लिटर कोमट दूध, दोन वेळा, निपलच्या बाटलीने. वासरू चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी घडी पडून पन्हळ तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. घमेल्यातून घटाघटा प्यायलेले दूध कोठीपोटात सांडले, तर तिथे नासते.

चौथ्या दिवसापासून खुराक सुरू करा. दहा किलोसाठी मक्याचा भरडा पाच किलो, सोयापेंड तीन, गव्हाचा भुसा दीड, बाकी गूळ, खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ. युरिया अजिबात नको. बाटली संपली तरी वासरू बोटे चोखत राहते. त्याच क्षणी मूठभर खुराक तोंडात सारा. आठवडाभर रोज करा, मग ते स्वतः गव्हाणीत तोंड घालते. उष्टा खुराक रोज काढून ताजा घाला.

धान्य आंबून ब्युटिरिक आम्ल तयार होते, आणि त्यानेच कोठीपोटाच्या आतल्या अस्तरावर बारीक लव उगवते. दूध-खुराकावरच्या सहा आठवड्यांच्या वासराचे अस्तर टर्किश टॉवेलसारखे दाट, गडद दिसते. फक्त दुधावरच्याचे फिकट, गुळगुळीत. पुढे चाऱ्यातली ताकद रक्तात शोषणारी हीच लव. चाऱ्याने कोठीपोट ताणले जाते, लव फारशी येत नाही. म्हणून महिन्याच्या वासराचे हिरव्या चाऱ्याने सुटलेले पोट पाहून खूश होऊ नका.

स्वच्छ पाणीही चौथ्या दिवसापासूनच समोर ठेवा. दूध कोठीपोट टाळून जाते, तिथल्या जिवाणूंना पाणी हवेच.

दूध तोडताना कॅलेंडर पाहू नका, गव्हाण पाहा. साधारण आठ आठवड्यांनी, सलग तीन दिवस किलोभर खुराक संपला, की आठवडाभरात दूध कमी करत बंद करा. मऊ वाळलेला चारा तेव्हापासून वाढवा, मुरघास मात्र आणखी दोन महिने थांबू द्या.