पहिली होडी : अ‍ॅल्युमिनियमची की फायबरग्लासची?

ऑन्टारिओ प्रांतात अडीच लाखांहून अधिक सरोवरे असून, मे महिन्याच्या मध्यास वॉलाय माशाचा हंगाम खुला झाला की टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या शहरांतून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांच्या मागे होड्याच होड्या दिसू लागतात; आणि येथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांत, विशेषतः ज्यांचे बालपण मालवण, रत्नागिरी वा अलिबागच्या किनाऱ्यावर गेले त्यांच्या घरांत, आपलीही एक होडी असावी ही इच्छा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच मूळ धरते. इच्छा रास्त आहे. मात्र होडीची खरेदी हा मोठ्या रकमेचा मामला असल्याने, आणि विक्रेत्याच्या दारात उभे राहिल्यावर चकचकीत रंगाखेरीज दुसरे काही नजरेस पडत नसल्याने, येथे पूर्वीच स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या खरेदी-विक्रीतून व दुरुस्तीतून जे ज्ञान साठले, ते नवागतांच्या हाती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोकणात गेल्या काही दशकांत लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतलेली ज्यांनी पाहिली, त्यांचा कल स्वाभाविकपणे फायबरकडे असतो. तेथे तो योग्यच आहे, कारण खाऱ्या पाण्यात धातूच्या क्षरणाची धास्ती सदैव असते आणि फायबरला ती नसते. येथील पाणी गोडे असल्याने ती धास्ती बहुतांशी उरत नाही. तिची जागा खडक घेतो. मस्कोकापासून उत्तरेस पसरलेल्या कॅनेडियन शील्डच्या प्रदेशात ग्रॅनाइटचे सुळके पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर दडलेले असतात, त्यांतील पुष्कळांवर कोणतीही खूण नसते, आणि ज्या सरोवरात आपण प्रथमच उतरलो त्यातील प्रत्येक खडक आपल्याला अज्ञात असतो. मंद गतीने जाणारी अ‍ॅल्युमिनियमची होडी अशा खडकावर आपटली तर बहुधा पोचा पडतो, आणि पोचा पडलेली होडी त्या दिवसापुरती तरी माणसांना किनाऱ्यास आणते. फायबरग्लासचे कवच त्याच आघाताने तडकले तर वरून बारीकशी दिसणाऱ्या त्या चिरेतून पाणी आतल्या थरांत व गाभ्यात शिरते. आणि हिवाळ्यात त्या पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान नऊ टक्क्यांच्या आसपास वाढत असल्याने, जूनमधील चीर पुढील एप्रिलपर्यंत भगदाडाच्या वाटेला लागते.

एवढ्यावरून फायबरग्लासला कमी लेखू नये. सिमको सरोवर 722 चौरस किलोमीटरांचे असून त्याची कमाल खोली 41 मीटरच आहे, आणि ईरी तर पंचमहासरोवरांतील सर्वांत उथळ सरोवर. अशा विस्तीर्ण पण उथळ पाण्यावर वारा फिरला की थोड्याच अवधीत आखूड, उभ्या, लागोपाठ येणाऱ्या लाटा उठतात. तेथे साच्यातून काढलेला, खोल व्ही-आकाराचा, वजनदार फायबरचा तळ लाटा कापत जातो, आणि त्याच लाटांवर हलकी अ‍ॅल्युमिनियमची होडी इतकी आदळते की लहान मुले व वृद्ध आईवडील यांना घेऊन जाणाऱ्याने दोनदा विचार करावा. वजनाचा दुसरा लाभ वाऱ्यात प्रत्ययास येतो. गळ टाकून एका जागी स्थिर राहावयाचे असता हलकी होडी पालापाचोळ्यासारखी वाहवत जाते व विजेची छोटी मोटार तिला आवरताना लवकर थकते, तर जड होडी आपली जागा सहसा सोडत नाही. ज्यांचे मन ईरीच्या वॉलायवर जडले आहे, आणि रवा लावून तळलेला तो पांढरा, घट्ट मासा एकदा चाखल्यावर ते जडणे स्वाभाविक आहे, त्यांनी फायबरचा विचार अवश्य करावा. परंतु तो दुसऱ्या होडीच्या वेळी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याचे मुख्य कारण घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत आहे. नवागत कुटुंबाकडे बहुधा लहान एसयूव्ही असते, आणि अशा पुष्कळ गाड्यांची ओढण्याची अधिकृत मर्यादा 680 किलोच्या आसपास, तर कित्येक मिनीव्हॅनची 1,590 किलोच्या आसपास असते. सोळा फुटी, साध्या बांधणीची अ‍ॅल्युमिनियमची होडी रिकामी असता दीडशे ते चारशे किलो भरते. मोटार, इंधन, सामान व ट्रेलर धरूनही तिची सोय बेताच्या गाडीत लावता येते. अठरा फुटी फायबरची होडी दीडशे अश्वशक्तीच्या मोटारीसह ट्रेलरवर चढविली की एकूण भार दीड टनाकडे सहज झुकतो, आणि या प्रांतात ट्रेलरचा भारासह एकूण तोल 1,360 किलोंवर गेला की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. म्हणजे होडीपाठोपाठ गाडीही बदलणे आले. हा खर्च विक्रेत्याच्या तपशीलपत्रात कोठेच दाखविलेला नसतो.

अ‍ॅल्युमिनियममध्येही दोन बांधण्या आहेत. रिव्हेटने जोडलेली होडी हलकी व स्वस्त असते, पण वर्षानुवर्षे लाटांवर आदळून तिचे रिव्हेट सैल होतात; वेल्ड केलेली होडी जाड पत्र्याची, अधिक ताठ व अधिक महाग असते. जुनी रिव्हेटची होडी पाहावयास गेल्यावर विक्रेत्याची अनुज्ञा घेऊन ती ट्रेलरवरच सपाट उभी करावी, तळाचे बूच घट्ट बसवावे, बागेतल्या नळीने आत चार-सहा बोटे पाणी भरावे, आणि मग पाठीवर निजून, विजेरी घेऊन, खालून रिव्हेटची एकेक रांग निरखावी. जेथे थेंब धरतो तेथे खडूने खूण करावी. दोन-चार थेंब क्षम्य आहेत, ते रिव्हेट पुन्हा ठोकून घेता येतात; पण संपूर्ण रांगच पाझरत असेल तर किंमत कितीही आकर्षक असो, मागे फिरावे. वेल्डच्या होडीत सांध्यालगत केसासारखी चीर आहे का ते पाहावे. जुन्या होड्यांच्या फळ्यांखाली भरलेला फोम पाणी पिऊन जड झालेला असतो, तोही तपासावा.

फायबरची होडी तपासताना कान अधिक उपयोगी पडतात. मोटार जिच्यावर बसवतात त्या पिछाडीच्या उभ्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, गाभ्यात जुन्या होड्यांत लाकूड असते; प्लास्टिकच्या लहान हातोडीने ती टप्प्याटप्प्याने ठोकत जावे, आणि खणखणीत आवाजाच्या जागी जेथे भद्द आवाज येऊ लागेल तेथे लाकूड कुजले आहे असे समजावे. मोटारीचे खालचे टोक धरून वर-खाली दाबले असता ट्रान्सम किंचितही लवला, तर तो सौदा मोडावा.

घेतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीची राखण सोपी आहे, तरी तांब्याचा संसर्ग तिला मुळीच सोसत नाही. तांबेयुक्त रंग तिच्या तळास लावू नये. कुजलेली फळी बदलताना तांब्याच्या क्षारांत मुरविलेले लाकूड स्वस्त मिळते म्हणून बसवू नये, कारण ओलसरपणात ते लगतचा पत्रा खाऊन टाकते. आणि मोटारीवर झिजण्यासाठी जो धातूचा तुकडा जोडलेला असतो तो गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा असावा.

दस्तऐवजांत दिरंगाई नसावी. मोटार असलेली होडी चालविणाऱ्याजवळ चालकपत्र हवे. दहा वा अधिक अश्वशक्तीची मोटार असल्यास होडीचाही परवाना हवा आणि त्याचा क्रमांक नाळेच्या दोन्ही अंगांस लावलेला हवा. पिछाडीच्या उजव्या बाजूस बारा अक्षरांचा अनुक्रमांक असतो, तो कागदांशी ताडून पाहावा. होडीवर कर्जाचा बोजा नसल्याची खातरजमा करावी. खरेदीखत सहीनिशी घ्यावे. 1 जानेवारी 2022 पासून या प्रांतात होडी रस्त्याने नेण्यापूर्वी तिच्यावरील वनस्पती व जलचर काढून, बुचे उघडून पाणी काढून टाकणे कायद्याने आवश्यक आहे. 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडलेले झेब्रा शिंपले कोठवर पसरले आहेत ते पाहता, हा नियम मनापासून पाळण्याजोगा आहे.

खरेदीला सर्वांत सोयीचा काळ सप्टेंबर व ऑक्टोबरचा. हिवाळ्यात होडी ठेवण्याचे भाडे टाळावे म्हणून विक्रेते या दिवसांत किमतीत सूट देतात, आणि पाणी गोठलेले नसल्याने मोटार प्रत्यक्ष सरोवरात चालवून पाहता येते. मात्र हिवाळ्यात ती होडी आपण कोठे ठेवणार, याची तजवीज आधी करावी; पुष्कळ वसाहतींच्या करारांत व नगरपालिकांच्या नियमांत घरासमोर होडी उभी करण्यास मज्जाव असतो, आणि ते कलम विसार देण्यापूर्वी वाचलेले बरे.