मल्टिमीटर : छंदही, उपयोगही

शेतीत आता विजेवर व बॅटरीवर चालणारी अनेक साधने आली आहेत. फवारणी पंप, टॉर्च, सौर दिवा ही त्यातली नेहमीची. यातले एखादे बंद पडले की आपण बहुधा अंदाजाने बॅटरी बदलतो. पुष्कळदा बॅटरी चांगली असते आणि दोष चार्जरमध्ये किंवा तुटलेल्या वायरीत असतो. त्यामुळे पैसे वाया जातात आणि कीड वाढत असताना फवारणीही लांबते. हा दोष घरच्या घरी शोधण्यासाठी मल्टिमीटर हे लहानसे उपकरण उपयोगी पडते. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. घरात रेडिओ, घड्याळ उघडून पाहण्याची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे काम त्यांच्याकडे आवर्जून सोपवावे.

उपकरणाची ओळख : मीटरला काळी व लाल अशा दोन वायरी असतात. काळी वायर ‘सीओएम’ या अक्षरांच्या छिद्रात व लाल वायर ‘व्ही’ या अक्षराच्या छिद्रात घालावी. बॅटरी किंवा सेल मोजताना मधली चकती डीसी २० व्होल्टवर ठेवावी. लाल टोक धन बाजूस व काळे टोक ऋण बाजूस लावावे. नवा साधा सेल सुमारे १.५ व्होल्ट दाखवतो. लाल वायर ‘१० ए’ लिहिलेल्या छिद्रात असताना मीटर बॅटरीला कधीही लावू नये. तसे केल्यास शॉर्टसर्किट होते.

लिंबाचा खेळ : मोटारीच्या जळालेल्या वाइंडिंगमधील तांब्याची तार घ्यावी व तिच्यावरील लेप खरवडून काढावा. ही तार व जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा लिंबात थोड्या अंतरावर खोचावा. मीटर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो. अशी तीन लिंबे ओळीने जोडल्यास, म्हणजे एका लिंबाची तार पुढच्या लिंबाच्या खिळ्याला जोडल्यास, सुमारे २.७ व्होल्ट मिळतात. तरीही टॉर्चचा जुन्या पद्धतीचा बल्ब त्यावर पेटत नाही. बल्ब जोडताच मीटरवरील आकडा एकदम खाली येतो, कारण लिंबातून मिळणारा प्रवाह फार थोडा असतो. वापरलेले लिंबू खाऊ नये. त्यात जस्त उतरलेले असते.

फवारणी पंपाची बॅटरी : या खेळातला धडा बॅटरीलाही लागू पडतो. नुसते व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली, असे समजू नये. पंपात १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असेल, तर तपासणी पुढीलप्रमाणे करावी.

१) चार्जिंग काढल्यावर काही तास थांबून मोजावे. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली असल्यास ती बहुतेक रिकामी समजावी.

२) भरलेल्या बॅटरीवर पंप चालू करून पुन्हा मोजावे. काही मिनिटांतच आकडा १०.५ च्या खाली गेला, तर बॅटरी निकामी होत आली आहे.

३) चार्जर लावल्यावर बॅटरीच्या टोकांवर मोजावे. थोड्या वेळाने आकडा १३ च्या वर चढू लागला, तर चार्जर काम करत आहे. आकडा मुळीच हलला नाही, तर चार्जर किंवा त्याची वायर तपासावी.

लिथियम बॅटरीचे आकडे वेगळे असतात, म्हणून तिच्यावरील माहिती वाचावी. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवल्यास आतील पट्ट्यांवर थर बसून ती लवकर खराब होते. हंगाम संपल्यावर ती भरून ठेवावी व दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी.

तुटलेली वायर शोधणे : प्रथम बॅटरी सोडवावी. चकती बझरच्या खुणेवर ठेवून वायरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावावा. आवाज आला तर वायर सलग आहे. फ्यूज व बटणही असेच तपासता येते. वायर हळूहळू वाकवत गेल्यास ज्या जागी आवाज तुटतो, तेथे ती आतून तुटलेली असते.

घ्यावयाची काळजी : पंपाच्या स्टार्टरमध्ये तीन फेजचा सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. तेथे या छंदाला जागा नाही. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. झटका यंत्राच्या तारेवर हजारो व्होल्टचे ठोके येतात. त्यावर साधा मीटर लावू नये. मीटरचा स्वतःचा सेल उतरला की आकडे चुकीचे येतात, तो वेळीच बदलावा.

शेतकरी बंधू-भगिनींनी घरात एक लहान वही ठेवून प्रत्येक बॅटरीचे आकडे महिन्यातून एकदा तारखेसह लिहून ठेवावेत. बॅटरी उतरत चालल्याचे त्यावरून आधीच कळते व ऐन फवारणीच्या दिवशी खोळंबा होत नाही.