जलाशयातील मासेमारी आणि होडीचा सुटा डेक : झाशी परिसराच्या संदर्भात

राणी लक्ष्मीबाईंमुळे मराठी वाचकांना परिचित असलेली झाशी ही बेतवा नदीच्या खोऱ्यातील नगरी होय. मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात उगम पावणारी बेतवा उत्तर प्रदेशात हमीरपूरजवळ यमुनेस मिळते. बुंदेलखंडातील अवर्षणावर उपाय म्हणून या नदीवर पारीछा, ढुकवां, माताटीला अशी धरणे क्रमाने उभी राहिली. ओरछाच्या राजवटीत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला बरुआसागर तलावही याच परिसरात आहे. हे जलाशय मुख्यतः सिंचनासाठी असले, तरी ढीमर, रैकवार, केवट अशा समाजांतील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यांतील मासळीवर चालते.

होडी : उत्पादनाचे दुर्लक्षित साधन

मत्स्यविकासाची चर्चा बहुधा मत्स्यबीज, जाळी आणि बाजारपेठ यांभोवती फिरते. ज्या होडीत उभे राहून जाळे ओढायचे, तिचा विचार मागे पडतो. लाकडी नावेला पर्याय ठरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या होड्या हलक्या असतात. या धातूची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. मात्र लहान होडीत आडव्या बैठकांमधील जागा खोलगट राहते. तेथे जाळे गुंतते आणि पाय ठरत नाही. नाळेकडील बैठक व तिच्यामागील बैठक यांमधील जागेवर सपाट फलाट बसविल्यास ही अडचण दूर होते. यालाच डेकचा विस्तार म्हणतात.

डेक सुटा का असावा?

बेतवा प्रामुख्याने पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात सिंचनासाठी पाणी सोडल्यावर जलाशयाचा काठ मागे सरकतो आणि होडी चिखलातून ओढून न्यावी लागते. अशा वेळी डेक काढल्याने वजन कमी होते. तळाशी साचलेले पाणी उपसणे, खडकावर आपटून पडलेली भेग शोधणे आणि सामानासाठी जागा मोकळी करणे, ही कामेही त्यामुळे सुलभ होतात.

रचना

आधारासाठी ॲल्युमिनियमच्या कोनपट्ट्यांची चौकट आणि वर १२ मिलिमीटर जाडीचे मरिन प्लायवूड ही सर्वसाधारण रचना होय. १.२ मीटर लांब व १ मीटर रुंद अशा फळीचे वजन साधारणतः ९ ते १० किलो भरते. चौकट बैठकांवर टेकवून बोल्ट व पंखी नटांनी आवळावी; होडीच्या तळास छिद्र पाडू नये. फळीच्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात आणि पृष्ठभाग खरखरीत ठेवावा. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड टाळावे, कारण ओलाव्यात त्याचा संपर्क ॲल्युमिनियमला गंजवतो. पोलादी बोल्ट व ॲल्युमिनियम यांमध्ये नायलॉनचे वायसर घालण्याचे कारणही हेच आहे. बैठकांखालील तरंगण्यास साहाय्यभूत फोम काढून टाकणे धोक्याचे ठरते.

स्थैर्याचे गणित

खरा प्रश्न उंचीचा आहे. समजा, होडी, माणसे व सामान मिळून एकूण भार ४०० किलो आहे. ६० किलो वजनाचे दोन मच्छीमार तळाऐवजी ३० सेंटिमीटर उंच डेकवर उभे राहिले, तर संपूर्ण होडीचा गुरुत्वमध्य (१२० × ३०) ÷ ४०० म्हणजे ९ सेंटिमीटर वर सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी कललेली होडी पूर्ववत होण्याची क्षमता कमी. दोघेही एकाच बाजूला झुकून जाळे ओढू लागले आणि त्याच वेळी पावसाळ्यापूर्वीच्या वादळी वाऱ्याने लाटा उठल्या, तर काठावरून पाणी आत येऊ शकते. म्हणून डेक होडीच्या काठापेक्षा पुरेसा खाली, शक्य तितका हलका असावा आणि त्यावर एका वेळी किती जणांनी उभे राहावे हे निश्चित असावे. जीवरक्षक जाकिटाची जागा कोणताही डेक घेऊ शकत नाही.

धोरणात्मक संदर्भ

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील २१ क्रमांकाचा विषय आहे. प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडील मासेमारी मात्र संघसूचीत (क्रमांक ५७) येते. २०२० मध्ये मंजूर झालेल्या २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नावा व जाळ्यांसाठी साहाय्य, तसेच अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपयांच्या विम्याची तरतूद करण्यात आली. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्ररहित नौकांचाही स्वतंत्र विचार झाला आहे.

समारोप

विमा अपघातानंतर उपयोगी पडतो. योग्य उंचीचा डेक अपघाताची शक्यता कमी करतो. होडीसाठी अनुदान देताना तिच्या स्थैर्याची तपासणी आणि स्थानिक कारागिरांचे प्रशिक्षण यांची जोड दिल्यास अल्प खर्चात उत्पादकता व सुरक्षितता दोन्ही साधता येतील. समुचित तंत्रज्ञान या संकल्पनेचा अर्थ अशा लहान उदाहरणांतूनच स्पष्ट होतो.